कच्चं न शिवता आणलेलं कासव

तारीख नऊ नोव्हेंबर, वार रविवार, रक्कम चार हजार सातशे पन्नास. सकाळी चहाच्या वेळेला वरच्या मजल्यावरचा सावकाश खाली आला, पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, हे तुमच्याकडे राहू द्या. घरी ठेवलं तर त्याचे पडदे होतील."

पैसे कासवासाठी होते. दोन वर्षं तो थोडे थोडे बाजूला टाकत होता, आणि तेवढीच दोन वर्षं कोणत्या जातीचं कासव घ्यायचं याचा विचार करत होता. पैसे जमले होते. विचार जमला नव्हता.

सावकाश हे त्याचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. आम्ही दोघं एकाच कंपनीत. कंपनी लिफ्टच्या देखभालीची; मी हिशेब बघतो, तो लिफ्ट बघतो. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की फोन त्याला जातो, आणि पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला तो पहिलं वाक्य म्हणतो, "सावकाश श्वास घ्या, मी आलोच." मग तो खरोखरच सावकाश येतो. आधी दुचाकी सावलीत लावतो, हेल्मेटची काच पुसतो, मशीनच्या खोलीचं कुलूप उघडून किल्ली खिशात गेली की नाही ते चाचपतो. तक्रारी येतात. पण त्याने दुरुस्त केलेली लिफ्ट पुन्हा त्याच कारणाने बंद पडल्याचं कोणाला आठवत नाही, त्यामुळे साहेबलोक तक्रारी वाचतात आणि बाजूला ठेवतात. वय एक्केचाळीस. अंगाने आडवा, मान जरा पुढे. त्याला कासव पाळायचंय हे ऑफिसात कळलं तेव्हा जी काय टिंगल व्हायची ती एका दुपारी होऊन गेली. "आरसा घे, स्वस्त पडेल," इथपर्यंत मजल गेली. तो हसला आणि डबा संपवू लागला. तोही त्याच्याच चालीने.

राहतो आईवडिलांजवळ, माझ्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरचे सगळे विनोद त्याने ऐकलेले आहेत.

वडील शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. बाजारातलं दुकान गुडघ्यांनी बंद करायला लावलं, पण मशीन घरी आणलं, आणि पुढच्या खोलीत खिडकीशी बसून ते अजून कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर, अशी कामं करतात. त्यांचा एक नियम आहे. चांगल्या कापडाला ते एकदम कात्री लावत नाहीत. आधी जुन्या चादरीचं कच्चं शिवायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचं, त्याला चालवायचं, बसवायचं, हात वर करायला लावायचे, आणि मगच खरं कापड कापायचं. धंद्यात या नियमाने त्यांचं भलं केलं. अडचण एवढीच, की दुकान बंद झालं तेव्हा मशीनबरोबर नियमही घरी राहायला आला. कपाट घ्यायचं ठरलं तेव्हा कपाटाच्या मापाचे कागद जोडून भिंतीशी उभे केले होते, आणि घरातली माणसं महिनाभर त्या कागदी कपाटाला वळसा घालून जात होती. फ्रिजच्या वेळी खोकं होतं. सावकाशचं लग्न दोन-तीनदा जमत आलं आणि राहिलं. त्यावर वहिनी, म्हणजे त्याची आई, म्हणतात, "त्याचं कच्चं शिवता आलं नाही ना, म्हणून." मास्तर अशा वेळी सुईत दोरा ओवत असतात आणि त्यांना काही ऐकू येत नाही.

वहिनींचा कारभार वेगळा. त्या काही ठरवत नाहीत, फक्त आणून ठेवतात. सावकाशच्या खोलीत मास्तरांनी शिवलेले पडदे आहेत, वहिनींनी निवडलेली चादर आहे, आणि तो दहावीत असताना दोघांनी मिळून घेतलेलं टेबल आहे, ज्याच्याखाली आता त्याचे गुडघे जात नाहीत. स्वतः पसंत करून आणलेली वस्तू म्हणाल तर दाढीचा ब्रश. त्याचाही रंग वहिनींना आवडलेला नाही.

कासवाचं डोक्यात आलं ते कामावर. एका मोठ्या इमारतीत पाचव्या मजल्यावर तो लिफ्टचं दार तपासत होता, तर समोरच्या घराच्या उघड्या दारातून एक कासव चालत आलं आणि लिफ्टसमोर थांबलं. सावकाश सांगतो, लिफ्टची वाट बघताना बटण पुन्हा पुन्हा न दाबणारं त्याने पाहिलेलं ते एकमेव. त्या दिवसापासून हा वेडा झाला. कुत्रा घरी चालणार नव्हता, वहिनींना दम्याचा त्रास. मांजर चालणार नव्हती, मास्तरांची रिळं. कासवाविरुद्ध मात्र घरात आधीपासून काही हुकूम नव्हता, कारण हे कोणाच्या कल्पनेतच आलेलं नव्हतं.

मग जेवणाच्या सुट्टीत माझं शिक्षण सुरू झालं. शेकडो जातींतून त्याने, कायद्याने पाळता येतील आणि आमच्या गावात मिळतील, अशा तीन बाजूला काढल्या होत्या. पहिली लहान, ताटलीएवढी, गवताळ थंड मुलखातली. काटक, कमी खर्चाची. पण थंडीत झोपते, आणि झोपेला एकसारखा गारवा लागतो. काही लोक भोकं पाडलेल्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतात म्हणे. हे वहिनींना कोणी सांगायचं, यावर आमचं बोलणं थांबलं. दुसरी तांबड्या पायांची, मध्यम. ती झोपत नाही, फळं आवडीने खाते, पण तिला दमट ऊब लागते, म्हणजे दिवा आणि पाण्याचा फवारा. दिव्याचं वर्षाचं बिल मी त्याला काढून दिलं. तिसरी वाळवंटाकाठची, सगळ्यांत मोठी. गंमत अशी, की पिल्लू असताना तीच सगळ्यांत स्वस्त मिळते. मी त्याला म्हटलं, घ्यायला स्वस्त आणि चालवायला महाग असं एक यंत्र आपल्या कंपनीनेही घेतलं होतं, ते अजून गोदामात आहे. लिफ्टवाले वजन माणसांत मोजतात. "पुरतं वाढलं की एक माणूस, आणि वर त्याची पिशवी," तो म्हणाला. कासवाला ऊन लागतं, ऊन गच्चीवर असतं, आणि गच्चीवर जायला जिना असतो. एका माणसाला पिशवीसकट उचलून रोज कोण नेणार, हा प्रश्न लिफ्टच्या मेकॅनिकपुढे उभा राहावा, याचं मला हसू आलं. त्याला आलं नाही.

मास्तरांनी तिसऱ्या जातीची बाजू घेतली. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांची हयात गेली. वाढतं अंग आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री. "वाढून वाढून किती वाढेल? पेटीला दोन इंच दाब ठेवू. दर वर्षी थोडं सोडत जाऊ," असं ते मला जिन्यात म्हणाले. सावकाशने त्यांना समजावलं, की हे पोर पहिलीच्या गणवेशातून थेट तंबूत जाणारं आहे. मास्तर म्हणाले, सगळ्या आयांना आपलं पोर फार वाढतं असंच वाटतं.

वहिनींचा प्रश्न जातीचा नव्हता. त्यांनी एकदाच विचारलं, जगतं किती. सावकाश खोटं बोलत नाही. म्हणाला, पन्नास, साठ, नीट ठेवलं तर ऐंशीही. वहिनी उठल्या, आत गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मला दारात गाठून म्हणाल्या, "भाऊजी, आमच्यामागे बाळला कोण, हा एक घोर आहेच. आता बाळमागे त्याला कोण, हा दुसरा कशाला?"

तेव्हापासून कोणत्याही जातीचं नाव निघालं की त्या म्हणायच्या, यापेक्षा कमी जगणारं नाही का. एकदा म्हणाल्या, मासा आण.

मी हे सावकाशला सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. वरच्या घरातल्या भिंती पातळ आहेत. एका दुपारी डब्याचं झाकण लावता लावता तो आपणहून म्हणाला, "काका, आईचं खरं आहे. पण घरात एक तरी गोष्ट मी ठरवून आणावी, एवढंच आहे. चुकली तर निदान माझी म्हणून चुकेल."

पैसे माझ्याकडे ठेवल्याचं मास्तरांना लगेच कळलं. त्यांनी राग धरला नाही. फक्त म्हणाले, आता वेळ आली, आता कच्चं करून बघू.

कासवाचं कच्चं कसं असतं, हे मला वाटतं जगात आमच्याच जिन्यात पाहायला मिळालं असेल. मास्तरांनी तिन्ही जातींची पुरत्या वाढीची मापं मुलाकडून घेतली आणि स्वयंपाकघरात फिरून तीन वस्तू निवडल्या. लहान जातीसाठी पातेल्याचं झाकण, मधलीसाठी परात, मोठीसाठी कपडे भिजवायचा टब. तिन्ही पालथ्या घातल्या, वर उरलेल्या कापडाच्या खोळी शिवल्या, झाकणाला करडी, परातीला चौकटीची, टबाला एका जुन्या सुटाच्या अस्तराची. खोळीत वजनासाठी वाळूच्या पुरचुंड्या. आणि नियम असा, की कासव एका जागी बसत नाही, तेव्हा येता-जाता प्रत्येकाने त्याला थोडं पुढे सरकवायचं.

प्रत्येकाला एकेक आठवडा मिळाला. झाकण पहिल्याच दिवशी हरवलं. शोधाशोध झाली, ते मास्तरांच्या मशीनखाली चिंध्यांत निघालं, आणि दुसऱ्या दिवशी वहिनी त्यावर पाय पडून आमटीसकट भिंतीवर आदळता आदळता वाचल्या. मास्तरांनी निकाल दिला, लहान कासव धोक्याचं. टब आला तो सोमवारी. बुधवारी सकाळी त्याला कोणीतरी न्हाणीघराच्या दारात सरकवून ठेवलं आणि नियमाप्रमाणे पुढे सरकवायला कोणी राहिलं नाही. मास्तर आत होते. दार बाहेर उघडणारं. सावकाश कामावर, वहिनी भाजी आणायला गेलेल्या. मी हाका ऐकून वर गेलो, शेजारी ठेवलेली त्यांच्या घराची किल्ली घेतली, टब ओढला. मास्तर टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि टबाकडे बघत म्हणाले, "याला दाब पुरायचा नाही." संध्याकाळी सावकाशला कळलं तेव्हा त्याने वडिलांना विचारलं, आत असताना सावकाश श्वास घेतला होता ना? मास्तर दोन दिवस त्याच्याशी मोजकंच बोलले.

राहिली परात. परातीने कोणाला पाडलं नाही, कोणाला कोंडलं नाही. पण वहिनी तिच्याशी बोलायला लागल्या. आधी "सरक बाई" एवढंच. मग पालेभाजी निवडताना देठं तिच्यासमोर ठेवायला लागल्या. मास्तरांनी हटकलं तेव्हा म्हणाल्या, कच्चं करायचं तर नीट करा की, उपाशी कशाला ठेवायचं. आठवडा संपला तरी परात उचलली गेली नाही. कणीक वहिनी ताटात मळू लागल्या.

तेव्हा ठरलं. मधली जात, तांबड्या पायांची. ठरवलं मास्तरांनी, मान्य केलं परातीने. सावकाशला मी विचारलं, तुझं काय मत? तो म्हणाला, "ठीक आहे की." ते "ठीक आहे" मी बरीच वर्षं ऐकतोय. टेबलाच्या वेळीही हेच असणार.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही चौघं दुकानात गेलो. मी पाकीट घेऊन. दुकान बाजारामागच्या गल्लीत, एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला फोटो स्टुडिओ. आत काचेच्या पेट्या, ओल्या भुशाचा वास, आणि चष्मा कपाळावर सरकवलेली मालकीण. तांबड्या पायांची तीन पिल्लं होती, पुरीएवढी. मास्तरांनी खिशातून टेप काढली आणि एकेकाची पाठ मोजली, छाती मोजली. मालकिणीने हे आधी कधी पाहिलं नसावं, पण गिऱ्हाईक म्हणून तिने एकेक पिल्लू पुढे धरलं. वहिनी फक्त बघायला आल्या होत्या. त्यांनी पिल्लाकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला.

"पन्नास तर कुठे गेलेली नाहीत," मालकीण कौतुकाने म्हणाली. "तुम्हा-आम्हाला पुरून उरेल."

वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. पदराने चष्मा पुसत राहिल्या. मास्तरांनी टेप गुंडाळली. सावकाशने हातातलं पिल्लू पेटीत परत ठेवलं आणि झाकणाची कडी नीट बसली की नाही ते दोनदा बघितलं. पाकीट माझ्या खिशात होतं आणि मला उगाच वाटलं, की आज ते तसंच परत जाणार.

तेवढ्यात काउंटरखालून खरखर आवाज आला, आणि एक मोठं कासव बाहेर येऊन मास्तरांच्या बुटाला धडकलं. थांबलं. पुन्हा धडकलं. त्याला वळसा माहीत नव्हता. पाठ घासून गुळगुळीत झालेली, एका कडेला जुना टवका उडालेला.

मालकीण म्हणाली, ते विकायचं असं नाही, म्हणजे कोणी घेतच नाही. सगळ्यांना तळहातावर मावणारं हवं. ज्याचं होतं तो शाळकरी असताना त्याच्याकडे आलं होतं. आता तो माणूस दूर कुठे राहायला गेला आणि तिकडे नेता येईना. वय विचाराल तर चाळिशीच्या आसपास.

सावकाश खाली बसला. त्याने कासवाला दोन्ही हातांनी जरासं उचललं, मागच्या मांड्या बघितल्या. तिथे दोन बारीक टोकं होती. जेवणाच्या सुट्टीतल्या शिक्षणामुळे मला बघता बघता कळलं, की ही त्याच्या तिन्हींपैकी कुठलीच नाही. ही चौथी, जी त्याने पहिल्याच महिन्यात बाद केली होती, कारण तिच्या पोटजाती जाणकारांनाही धड सांगता येत नाहीत आणि थंडीत ती झोपणार की नाही हे त्यावर ठरतं.

"थंडीत झोपतं का?" त्याने विचारलं.

"कधी झोपतं, कधी नाही. त्याचं ते बघतं," मालकीण म्हणाली.

मास्तरांनी टेप पुन्हा उलगडली होती. झाकणापेक्षा मोठं, परातीपेक्षा लहान, असं त्यांनी जाहीर केलं. या मापाचं आपण कच्चं केलेलंच नाही. घरी मधलं ताट आहे, त्याला खोळ शिवतो, एक आठवडा बघू आणि पुढच्या शनिवारी...

"नको," सावकाश म्हणाला. "हे घेतो."

आवाज चढलेला नव्हता. पण मास्तरांची टेप हातातल्या हातात राहिली, आणि मी पाकिटाला हात घातला, कारण कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

वहिनींनी चष्मा लावला आणि कासवाकडे प्रथमच नीट बघितलं. मालकिणीला पुन्हा विचारलं, वय नक्की चाळीस का. मालकीण म्हणाली, एखादं वर्ष इकडे-तिकडे. आणि अजून किती? अजून तेवढं सहज.

"म्हणजे बाळच्याच बरोबरीचं," वहिनी म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळून, एखादं कापड बघितल्यासारख्या, "दोघं एकमेकांना पुरतील."

मास्तरांनी टेप खिशात ठेवली.

घरी जाताना सावकाश पेटी मांडीवर घेऊन बसला होता आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला सावकाश म्हणत होता. तिन्ही मजले तो मध्ये एकदाही पेटी खाली न ठेवता चढला. मास्तर मागून, कठड्याला धरून. त्या घरात कच्चं न शिवता आलेली ती पहिली वस्तू, आणि ती आल्या आल्या सरळ चालत जाऊन मशीनच्या पायडलखाली बसली. मास्तरांना संध्याकाळभर मशीन चालवता आलं नाही. ते म्हणाले, बघा, म्हणूनच मी सांगत होतो. पण तिथून त्याला हलवलं मात्र नाही. शेजारणीच्या ब्लाउजची बाही हाताने शिवली.

आता ते दर महिन्याला कासवाची पाठ मोजतात. माप तेच येतं. दाब सोडायला नाही, घ्यायला नाही, त्यामुळे त्यांना जरा चुकल्यासारखं होतं. थंडीत ते झोपलं नाही. फ्रिजचा विषय वहिनींपर्यंत पोचला नाही. परात कणकेला परत मिळाली, पण तिची खोळ टाकून दिलेली नाही. वहिनी ती उशीला घालतात. जेवायची वेळ झाली की त्या दोघांना एकाच सुरात हाक मारतात, आणि दोघंही तेवढ्याच वेळाने येतात.

दुकानात कासव, त्याची पेटी आणि दिवा मिळून पाच हजार झाले. पाकिटात होते त्याच्या वरचे अडीचशे मी भरले. त्यातले एकशे दहा सावकाशने दिले. एकशे चाळीस यायचे आहेत.